मैत्रिणीकडून शिकलेली जपानी मी मुलाखतीला नेली

‘उन.’ मुलाखतीतल्या पहिल्या प्रश्नाला मी दिलेलं हे उत्तर. सहा महिन्यांच्या एक्स्चेंजसाठी निवड होती, पडद्यावर दोन जपानी प्राध्यापक होते आणि प्रश्न अगदी साधा होता: जपानीचा अभ्यास अजून चालू आहे का? पुढचा प्रश्न मला कळला नाही, तेव्हा मी ‘वाकान्नाइ’ म्हणालो. थोडक्यात, वडिलांच्या वयाच्या माणसाला आधी ‘हं’ आणि मग ‘नाय कळलं’. काहीतरी बिघडतंय हे जाणवलं, म्हणून सावरायला गेलो आणि त्यांना ‘आनाता’ म्हणून बसलो. माझ्या मनात ‘तुम्ही’ होतं. निवड झाली नाही. कारण कुणी सांगितलं नाही, पण ती दहा मिनिटं आठवली की आजही पोटात खड्डा पडतो.

तेव्हा माझ्याकडे जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेचं एन-फोरचं, म्हणजे खालून दुसऱ्या पातळीचं, सर्टिफिकेट होतं. शिवाय सात महिने दर आठवड्याला एका जपानी विद्यार्थिनीबरोबर लँग्वेज एक्स्चेंज चालू होतं; ती मराठी शिकत होती, मी जपानी. बोलणं हीच माझी जमेची बाजू, असं मी धरून चाललो होतो. जेएलपीटीत शब्द, व्याकरण, वाचन आणि ऐकणं तपासतात, बोलणं तपासतच नाहीत. त्यामुळे परीक्षेनेही मला सावध केलं नव्हतं.

आता जिथे मी अडकलो ते नीट सांगतो, कारण नवीन मुलं नेमकी इथेच अडकताना दिसतात. मित्रमैत्रिणींत जपानी माणूस वाक्याच्या शेवटी येणारे ‘देस’ आणि ‘मास’ हे आदराचे प्रत्यय गाळतो. ‘ताबेमास’चं (खातो) ‘ताबेरु’ होतं, ‘वाकारिमासेन’चं ‘वाकान्नाइ’ आणि ‘हाइ’चं ‘उन’. ती माझ्याशी असं बोलायची कारण आमची मैत्री झाली होती. मी मात्र हीच खरी जपानी समजलो आणि वर्गातल्या देस-मासला पुस्तकी म्हणून बाजूला सारलं. ती भाषा खरीच होती, पण एकाच नात्यातली होती.

मराठी कान इथे आणखी एका ठिकाणी फसतो. आपला आदर ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ यांत असतो आणि क्रियापद त्यांच्यामागून चालतं. म्हणून आपण जपानीत आधी ‘तुम्ही’ला शब्द शोधतो आणि हाताला ‘आनाता’ लागतो. जपानीत समोरच्यासाठी सर्वनाम बहुतेक वेळा गाळतातच. गरज पडली तर आडनावापुढे ‘सान’, शिक्षक असतील तर ‘सेन्सेइ’. आदर क्रियापदाच्या शेपटात असतो, शिवाय काही क्रियापदंच बदलतात. शिक्षकांना ‘आनाता’ म्हटलेलं खटकतं. आपल्या ‘तुम्हाला चहा हवा का?’चं शब्दशः जपानी केलं तर तेही खटकतं, कारण वडीलधाऱ्यांना त्यांची इच्छा अशी थेट विचारत नाहीत. आणि स्वतःच्या नावापुढे ‘सान’ कधीही नाही.

हे मला तिने सात महिन्यांत का सांगितलं नाही? आधी रागच आला. मग एकदा ती आमच्या विभागातल्या मॅडमना भेटली आणि प्रेमाने म्हणाली, ‘तू कधी आलीस?’ मॅडम हसल्या, त्यांनी ते गोड मानून घेतलं. मी तिथेच उभा होतो. ते ‘तू’ माझं होतं. तिच्याशी मराठी बोलणारा मी एकटाच, आणि मी तिला ‘तू’च म्हणायचो. ती स्वतःबद्दल ‘मी येतो’, ‘मी गेलो’ म्हणायची, तेही माझ्याच तोंडून उचललेलं. मी हे सगळं ऐकत होतो, अर्थ कळत होता, म्हणून एकदाही टोकलं नाही. उलट म्हणायचो, ‘किती छान बोलतेस!’ तिचं मला ‘जोओझु’ (छान जमतं) म्हणणंही याच मायेतलं होतं, हे तेव्हा कळलं. कौतुकावरून आपली पातळी ठरवू नका.

म्हणून ‘हे बरोबर आहे का?’ असं जोडीदाराला विचारू नका, उत्तर ‘हो’च येतं. ‘हेच सेन्सेइंना कसं सांगशील?’ असं विचारा. या एका प्रश्नाने मला वर्गातल्या अख्ख्या सत्रापेक्षा जास्त दिलं. अर्धा तास एक भाषा, अर्धा तास दुसरी, आणि तेही घड्याळ लावून. नाहीतर दोघंही इंग्रजीवर घसरतात. बोलणं मध्ये तोडू नका. ऐकणाऱ्याने तीनच चुका कागदावर टिपाव्यात आणि शेवटी सांगाव्यात.

रोमाजी, म्हणजे रोमन अक्षरांत लिहिलेली जपानी, सोडा, पहिल्या आठवड्यापासून. त्यापेक्षा देवनागरी परवडली: ‘त्सु’साठी ‘चमचा’तला च आपल्या जिभेवर आहेच, आणि का-सा-ता-ना हा ‘काना’ या जपानी लिपीचा क्रमही संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून आलेला आहे. फक्त स्वर मोजून लांबवा. ‘ओबासान’ म्हणजे काकू आणि ‘ओबाआसान’ म्हणजे आजी. ‘तीन महिन्यांत फ्लुएंट’वाल्यांच्या मागे लागू नका. सीनियर निवडताना जो आपण कुठे आपटलो ते सांगतो त्याला धरा. नुसते सर्टिफिकेटचे फोटो दाखवणाऱ्याकडून मला आजवर काही मिळालेलं नाही.

मुलाखत पंधरा दिवसांवर आली असेल तर घाबरू नका. देस-मास ही जपानीतली सगळ्यात नियमित गोष्ट आहे आणि पुस्तकाने ती तुम्हाला आधीच शिकवली आहे. रोज मोठ्याने बोला. ‘मोओ इचिदो ओनेगाइ शिमास’ (कृपया पुन्हा एकदा सांगा) झोपेतही तोंडातून आलं पाहिजे, म्हणजे प्रश्न कळला नाही तरी ‘वाकान्नाइ’ बाहेर पडणार नाही. मैत्रीतली भाषाही टाकून देऊ नका. मला जपानी आवडायला लागली ती तिच्यामुळेच.

आम्ही अजून भेटतो. आता शेवटची दहा मिनिटं ती प्राध्यापक होते आणि मी विद्यार्थी. मग मी शेजारच्या आजोबांची भूमिका घेतो. गेल्या आठवड्यात ती म्हणाली, ‘अहो आजोबा, तुम्ही बसतोस का?’ मी हसून सोडणार होतो. मग कागद ओढला आणि लिहिलं: ‘तुम्ही बसता का?’