आईच्या रिपोर्टांची पिशवी मोबाईलमध्ये कशी आणावी

आईला साखर आणि प्रेशर दोन्ही. फोंड्याहून बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात जाताना रिपोर्टांची पिशवी सोबत असायचीच. एकदा तिचा जुना ईसीजी काढला, तर कागद जवळजवळ कोरा. थर्मल कागदावरच्या रेघा काळाबरोबर उडतात, हे तेव्हा कळलं. डॉक्टरांना ताडून बघायला काहीच उरलं नव्हतं.

म्हणून सुरुवात कागदांपासून करा. ईसीजी, डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनचे आणि बायोप्सीचे कागद यांचे उजेडात स्पष्ट फोटो काढा, नावात तारीख आणि तपासणी लिहा, डिजिलॉकर या कागदपत्रं साठवायच्या सरकारी ॲपमध्ये चढवा.

मग आभा क्रमांक काढा, म्हणजे निरनिराळ्या हॉस्पिटलांतल्या आपल्या नोंदी एकत्र जोडणारा सरकारी आरोग्य क्रमांक. तो 14 अंकी, मोफत आणि ऐच्छिक आहे. आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो. उपचाराच्या खर्चासाठी असलेल्या गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड वेगळं. आभामुळे उपचाराचे पैसे मिळत नाहीत. आपल्याकडे एक अडचण हमखास येते: जन्मदाखल्यावर आडनाव पोर्तुगीज वळणाचं, आधारवर निराळं. केसपेपर काढताना आधारवरचंच स्पेलिंग सांगा, नाहीतर नोंदी जुळत नाहीत.

आभाशी जोडलेल्या हॉस्पिटलात केसपेपर काढतानाच क्रमांक द्या. रिपोर्ट त्या हॉस्पिटलातच राहतो, मोबाईलवरचं आभा ॲप तो फक्त तुमच्यापर्यंत आणतं.

आता खरं महत्त्वाचं, संमती. एखाद्या डॉक्टरला तुमच्या नोंदी हव्या असल्या की ॲपवर विनंती येते. घाईत ‘मंजूर’ दाबू नका. कोण मागतंय, कशासाठी, कोणत्या प्रकारच्या नोंदी, कोणत्या तारखांच्या आणि किती दिवसांसाठी, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. गुडघा दाखवायला गेलात तर मानसोपचाराचे जुने कागद द्यायची गरज नाही. नको त्या नोंदी वगळा, मुदत कमी करा. दिलेली संमती नंतर काढूनही घेता येते. आईवडिलांचा मोबाईल आपण हाताळत असलो, तरी हे त्यांना विचारूनच करावं असं मला ठामपणे वाटतं.

आलेला प्रत्येक रिपोर्ट वाचा. वय, रक्तगट, औषधाची ॲलर्जी चुकलेली दिसली तर ज्या लॅबने किंवा हॉस्पिटलने तो दिला, तिथेच लेखी अर्ज देऊन दुरुस्त प्रत मागा.

आणि एक कागद मात्र ठेवाच: चालू औषधं, डोस, ॲलर्जी, घरच्यांचा फोन. पावसात वीज आणि रेंज दोन्ही जातात. आईचा तो कागद तिच्या पर्समध्ये आहे. औषध बदललं की त्याच दिवशी नवा लिहितो.