पॅरिसच्या भारी रेस्टॉरंटमध्ये: टेबल बुक करण्यापासून बिल मागण्यापर्यंत

पॅरिसमधल्या एका मानाच्या रेस्टॉरंटमध्ये पहिल्यांदा जेवलो तेव्हा आम्ही सगळं निभावून नेलं आणि शेवटी अडकलो. कॉफी संपली, तरी बिल काही येईना. वीस मिनिटं झाली, चाळीस झाली. आम्हाला वाटलं, आपल्याकडे कुणाचं लक्षच नाही. वेटरांना वाटत होतं, पाहुणे निवांत बसलेत, बसू देत. न मागता बिल आणून ठेवणं म्हणजे ‘उठा आता’ म्हणणं, हे आम्हाला नंतर कळलं. तिथले बरेचसे रिवाज असेच आहेत. वरून ताठा वाटतो, पण आत साधं व्यवहाराचं कारण असतं. ते एकदा कळलं की निम्मी धास्ती जाते.

टेबल बुक करताना

पहिल्या खेपेला दुपारचं जेवण निवडा. स्वयंपाकघर तेच, वाढणारी माणसं तीच, पण दुपारचा ठरावीक मेन्यू रात्रीच्या मानाने बराच स्वस्त असतो. अशी बरीच रेस्टॉरंट शनिवार-रविवार बंद असतात आणि ऑगस्टमध्ये काही आठवडे सुट्टीवर जातात, तेव्हा विमानाच्या तिकिटाआधी हे बघा. बुकिंगच्या वेळी कार्डाचा नंबर मागतात आणि न कळवता गैरहजर राहिलात तर पैसे कापतात. त्याचा राग मानू नका. तुमचं टेबल बहुधा त्या वेळेपुरतं तुमचंच असतं, तुमच्यानंतर तिथे दुसरं कुणी बसायचं नसतं. तुम्ही आला नाहीत तर ते रिकामंच राहतं. उशीर होणार असेल तर फोन करा.

शाकाहारी असाल तर ते बुकिंग करतानाच सांगा, टेबलावर बसल्यावर नव्हे. आणि ‘व्हेजिटेरियन’ एवढं म्हणून थांबू नका. सूप आणि सॉसचा पाया बऱ्याचदा मांसाचा किंवा माशांचा अर्क असतो, गोडात जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं जिलेटिन असू शकतं, आणि कोम्ते किंवा रोकफोरसारख्या पारंपरिक चीजमध्ये दूध विरजायला वासराच्या किंवा कोकराच्या जठरातलं रेनेट वापरतात. अंडं चालतं का, कांदा-लसूण चालतो का, हे एकेक करून लिहून कळवा. आचाऱ्याला चार दिवस आधी कळलं तर तो तुमच्यासाठी वेगळं काही बनवतो. आयत्या वेळी कळलं तर पानात मांस वगळून उरलेलं येतं. आता शाकाहाराला तिथे पूर्वीइतकं नाक मुरडत नाहीत. पॅरिसमधले नामांकित आचारी आलँ पासार यांच्या ‘आर्पेज’ रेस्टॉरंटला १९९६ पासून मिशेलिन या रेस्टॉरंटना मानांकन देणाऱ्या गाइडचे तीन तारे, म्हणजे सर्वोच्च मान, आहेत. त्यांनी २००१ मध्ये मेन्यूतून लाल मांस काढलं आणि २०२५ मध्ये मध सोडून सगळा मेन्यू वनस्पतीजन्य केला.

कपड्यांचं फार डोक्यात घेऊ नका. पुरुषांना कोट लागतो का ते रेस्टॉरंटच्या वेबसाइटवर लिहिलेलं असतं. स्पोर्ट्स शूज आणि हाफ पँट मात्र नको. चांगली साडी असेल तर प्रश्नच मिटला.

दारात

आत शिरताच ‘बोंझूर मादाम’ किंवा ‘बोंझूर मस्य’ म्हणा. संध्याकाळ असेल तर ‘बोंस्वार’. सगळ्या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. फ्रान्समध्ये नमस्कार न करता थेट कामाचं बोलणं उद्धटपणा समजतात, मग ती बेकरी असो की तीन तारे असलेलं ठिकाण. फ्रेंच लोक तुसडे असतात असं सांगणाऱ्या आपल्याकडच्या किती जणांनी आधी बोंझूर म्हटलं होतं, असं विचारावंसं वाटतं.

स्वतःहून जाऊन टेबलावर बसू नका, कुणीतरी नेऊन बसवेल. तो बहुधा मेत्र दोतेल, म्हणजे दालनाचा प्रमुख. तुमच्या टेबलाची जबाबदारी त्याच्या हाताखालच्या एका माणसावर असते, आणि वाइनचं सगळं सोमेलिए बघतो. वेटरला ‘गार्सों’ अशी हाक मारू नका, त्या शब्दाचा अर्थ ‘पोरा’ असा होतो. चुटकीही वाजवू नका. नजर मिळाली की मान हलवा, नाहीतर हळू आवाजात ‘सिल व्हू प्ले’, म्हणजे ‘कृपया’, म्हणा. खुर्चीशेजारी छोटंसं स्टूल ठेवलं तर ते पायांसाठी नाही, पर्ससाठी आहे.

मेन्यू वाचताना

फ्रेंचमध्ये ‘मन्यू’ म्हणजे ठरावीक किमतीचं ठरावीक जेवण. पदार्थांची यादी म्हणजे ‘कार्त’. वेटरकडे ‘मन्यू’ मागितलात तर तुम्हाला ठरावीक जेवणच हवंय असं तो समजू शकतो. ‘आंत्रे’ म्हणजे सुरुवातीचा पदार्थ. अमेरिकेतून आलेल्यांची इथे हमखास फसगत होते, कारण तिथे तोच शब्द मुख्य पदार्थाला वापरतात. मुख्य पदार्थ म्हणजे ‘प्ला’. काही जुन्या ठिकाणी फक्त यजमानाच्या हातातल्या कार्तवर किमती असायच्या, पाहुण्यांच्या नाही. तुमच्या हातातल्या कार्तवर आकडे दिसले नाहीत तर सरळ मागून घ्या.

एक गंमत. एकामागून एक पदार्थ आणून वाढण्याची ही अगदी ‘फ्रेंच’ वाटणारी पद्धत मुळात रशियन म्हणून ओळखली जाते. त्याआधी तिथेही आपल्या ताटासारखे पुष्कळ पदार्थ एकदम मांडत, आणि खाईपर्यंत ते गार होत. नवी पद्धत १८१० च्या सुमारास पॅरिसमधले रशियन राजदूत कुराकिन यांनी आणली असं सांगतात. पदार्थ गरम पोचावा, हा तिचा मोठा फायदा.

जेवताना

सुरी-काट्यांची रांग बघून घाबरू नका. बाहेरचं आधी, आतलं नंतर, आणि बऱ्याच ठिकाणी प्रत्येक पदार्थाआधी नवीन जोडी येते. मधे थांबायचं असेल तर सुरी आणि काटा ताटलीत एकमेकांपासून दूर तिरके टेकवा. संपलं की दोन्ही शेजारी शेजारी, समांतर. ही खूण वेटर लांबून वाचतो, म्हणून ती चुकली की अर्धवट खाल्लेली ताटली उचलली जाते. पाव सुरीने कापायचा नाही, दाताने तोडायचा नाही, हाताने घासाएवढा तुकडा मोडून घ्यायचा. आपला पोळी खाण्याचा हात इथे कामाला येतो! मनगटं टेबलाच्या कडेवर दिसू देत, मांडीवर नकोत.

पंगतीत बसलेल्याला पुढचा नियम नवा नाही. टेबलावरच्या सगळ्यांना एकदम वाढतात आणि सगळ्यांचं झाल्यावरच उचलतात. एकजण मधेच उठून गेला तर आत स्वयंपाकघरात सगळ्या टेबलाचा पुढचा पदार्थ अडतो. हात धुवायला जायचं असेल तर ताटल्या उचलल्याबरोबर जा. ताटल्यांची अदलाबदल करून एकमेकांचं चाखणंही टाळा.

वाइन घेणार असाल तर सोमेलिए बाटलीचं लेबल दाखवतो. मागवलेलीच आहे ना, एवढंच बघायचं. मग ग्लासात घोटभर ओततो. हा घोट ‘आवडली का’ विचारण्यासाठी नसतो. बूच खराब होऊन वाइनला कुबट, ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आलेला नाही ना, हे तपासायला असतो. ठीक असेल तर मान डोलवा. चेहऱ्यावर जाणकाराचे भाव आणायची काही गरज नाही. बजेट टेबलावर मोठ्याने बोलायचं नसेल तर यादीतल्या एका किमतीवर बोट ठेवून ‘अशी काहीतरी’ म्हणा, त्याला बरोबर कळतं. दारू पीत नसाल तर तसं सांगा, कारण द्यायची गरज नाही. पाणी ‘प्लात की गाझझ’, म्हणजे साधं की बुडबुड्यांचं, असं विचारतील. दोन्ही बाटलीतली, विकत. ‘यून काराफ दो’ म्हटलं की नळाचं पाणी फुकट मिळतं आणि त्यात कमीपणा काही नाही.

मुख्य पदार्थानंतर चीजची गाडी येते, गोडाच्या आधी. युनेस्कोने २०१० मध्ये फ्रेंच भोजनपद्धतीला वारसा म्हणून मान दिला, त्या वर्णनातही चीजला गोडाआधीची स्वतंत्र जागा आहे. तीन-चार प्रकार मागा, सौम्य चवीपासून उग्रतेकडे खात जा. ब्री नावाच्या मऊ चीजच्या त्रिकोणी तुकड्याचं टोक कापून घेऊ नका. तो सगळ्यात मऊ भाग, तो एकट्याने पळवणं म्हणजे श्रीखंडातलं केशर तेवढं वेचून खाणं. कॉफी गोडाबरोबर नाही, गोड संपल्यावर, आणि काळी. जेवणानंतर कापुचिनो मागितलीत तर देतील, पण परदेशी पाहुणा म्हणून ओळखलेही जाल.

निघताना

‘लादिस्यों, सिल व्हू प्ले’ म्हणजे ‘बिल द्या’. हवेत सही केल्याची खूण केली तरी चालते. १९८७ पासूनच्या नियमानुसार मेन्यूतल्या किमतीतच सेवाशुल्क धरलेलं असतं, त्यामुळे अमेरिकेसारखा टक्केवारीचा हिशेब करत बसू नका. फार समाधान झालं तर काही युरो रोख ठेवा. रुमाल घडी न घालता सैलसर टेबलावर.

त्या दिवशीच्या मेन्यूची छापील प्रत मागितली तर बऱ्याच ठिकाणी आनंदाने देतात. सेन नदीकाठच्या ‘तूर दार्जां’मध्ये तिथलं प्रसिद्ध बदक घेतलंत तर त्या बदकाचा क्रमांक छापलेलं कार्ड मिळतं, ही मोजणी १८९० पासून चालू आहे. कार्ड खिशात टाका, कोट घ्या, आणि दाराशी ‘मेर्सी, ओ रव्हार’, म्हणजे ‘धन्यवाद, येतो’, म्हणायला विसरू नका.