नवख्याला शास्त्रीय गाणं सुचवताना या चुका टाळा

‘शास्त्रीय गाणं ऐकायला सुरुवात करायची आहे, काहीतरी सुचवा’ असं गोव्यात कुणी विचारलं की जाणकाराच्या तोंडी पहिलं नाव येतं केसरबाई केरकरांचं. मागोमाग मोगूबाई कुर्डीकर, किशोरीताई आमोणकर, मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर आणि जितेंद्र अभिषेकीबुवा. चूक या नावांत नाही. चूक ही की वर्षानुवर्षं ऐकून आपल्याला जे उमगलं, ते आपण समोरच्याला पहिल्याच दिवशी ऐकायला लावतो. तो दहा मिनिटं ऐकतो, ‘छान आहे’ म्हणतो आणि पुन्हा विचारत नाही. गोव्यातल्या माणसाचा कान कोरा नसतो. त्यात आधीच काय आहे ते शोधून तिथूनच वाट काढली, तर तोच माणूस दोन महिन्यांत आपणहून विलंबित ख्याल, म्हणजे संथ लयीतलं रागाचं विस्तृत गायन, मागतो.

न विचारताच यादी पाठवणं

वीस नावांची यादी कुणी ऐकत नाही. आठवड्याला एकच गाणं द्यावं, फार तर त्याच्या जोडीला दुसरं. त्याआधी तीन प्रश्न विचारावेत. कुठली गाणी पाठ आहेत? ऐकणार कशावर? दिवसातला कुठला वेळ मोकळा असतो? पहिल्या प्रश्नाचं उत्तर गोव्यात बहुतेक तीनांपैकी एक असतं: नाटकातली पदं, देवळातलं भजन, किंवा चर्चमधलं गायन आणि व्हायोलिन.

नाटकाच्या माणसाचं काम सर्वांत सोपं. १९१६ सालच्या ‘स्वयंवर’ या संगीत नाटकाची पदं भास्करबुवा बखल्यांनी रागांत घट्ट बसवली आहेत. ‘नाथ हा माझा’ म्हणजे यमन, ‘सुजन कसा मन चोरी’ म्हणजे भूप, ‘मम आत्मा गमला हा’ म्हणजे बिहाग. एका बैठकीला एकच पद दोनदा ऐकवा आणि लगेच त्याच रागातली द्रुत बंदिश, म्हणजे जलद लयीतली बांधीव रचना, द्या. यमनसाठी ‘एरी आली पियाबिन’, भूपसाठी किशोरीताईंची ‘सहेला रे’, बिहागसाठी ‘लट उलझी सुलझा जा बालम’. पदाची चाल कानात ताजी असते, त्यामुळे बंदिशीतल्या काही जागा ओळखीच्या वाटतात. राग म्हणजे काय हे त्या माणसाला इथेच कळतं. आरोह-अवरोह (स्वरांचा चढ-उतार), वादी-संवादी (रागातले प्रमुख स्वर) नंतर सांगता येतात. हे उलट्या क्रमाने केलं की ऐकणारा स्वर मोजत बसतो आणि गाणं निसटतं.

इथे नेहमी होणारी गडबड म्हणजे पद एका रागातलं आणि ख्याल भलत्याच रागातला दिला जातो, कारण दोन्ही आपल्याला आवडतात. दोन-तीन राग ओळखीचे होईपर्यंत हे करू नये. पुढे मात्र अभिषेकीबुवांनी संगीत दिलेल्या ‘कट्यार काळजात घुसली’मधलं ‘घेई छंद मकरंद’ जरूर द्यावं. त्याच शब्दांच्या दोन वेगळ्या चाली आहेत, एक धानी रागाची आणि एक सालगवराळीची. शब्द तेच, राग वेगळा, हे पाठोपाठ ऐकलं की रागाचा स्वभाव समजावायला व्याख्यान लागत नाही.

भजनाच्या माणसाला भैरवी ठाऊक असते, नाव माहीत नसलं तरी. त्याला भीमसेनजींचं ‘जो भजे हरि को सदा’ द्यावं, मग अब्दुल करीम खाँसाहेबांची ‘जमुना के तीर’, आणि तिसऱ्या खेपेला केसरबाईंची ‘जात कहां हो’. तिन्ही भैरवीच. केसरबाईंची ही साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली, हे गोव्यात सगळ्यांना सांगावंसं वाटतं आणि ते साहजिकच आहे. पण गोष्ट आधी सांगितली की ऐकणारा त्या गोष्टीच्याच नादात राहतो. आधी गाणं द्या, मग यान.

तिसरा गट आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित. चर्चमध्ये चार आवाजांत गाणारा किंवा लहानपणापासून व्हायोलिन शिकलेला माणूस स्वराला पक्का असतो. त्याला ‘सोपं’ म्हणून फ्यूजन देणं ही मोठी चूक आहे. कीबोर्डचे सूर समान अंतरांवर बांधलेले असतात. त्यांच्या कॉर्ड्सखाली श्रुतींचे, म्हणजे स्वरांमधल्या सूक्ष्म अंतरांचे, बारकावे दबून जातात, म्हणजे जे ऐकवायचं तेच झाकलं जातं. त्याची पहिली तक्रार ठरलेली असते: ‘यात हार्मनी नाही, सूर बदलतच नाही.’ त्याला सांगावं की षड्ज, म्हणजे पायाचा ‘सा’, मुद्दामच स्थिर ठेवलेला आहे आणि प्रत्येक स्वर त्या षड्जाशी किती अंतरावर आहे ते ऐकायचं आहे. ग्रेगोरियन चांट त्याने ऐकला असेल, तर एकाच सुरावटीचं गायन त्याला नवीन नाही. या माणसाला एन. राजम यांचं व्हायोलिन द्यावं. हातातलं वाद्य तेच, पण मिंड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) आणि गमक (स्वराला दिलेलं जोरकस आंदोलन) गळ्यासारखी. त्यानंतर डागर बंधूंचा ध्रुपद आलाप. इतरांना जो आलाप संथ वाटतो, तो या कानाला अनेकदा पटकन धरतो, कारण तबला नाही, शब्द नाहीत, फक्त स्वराची जागा आहे.

विलंबितापासून सुरुवात करणं

मैफलीत विलंबित आधी येतं म्हणून नवख्यालाही ते आधी द्यावं असं नाही. विलंबित एकताल बारा मात्रांचा असतो. अतिविलंबित लयीत त्याचं एक आवर्तन मिनिटभराच्या आसपास जातं. इतक्या लांब चक्राची सम, म्हणजे पहिली मात्रा, नवख्या कानाला लागत नाही. सम लागली नाही की गायक कुठून निघाला आणि कुठे आला हेच कळत नाही, आणि जे घडतंय ते दिशाहीन वाटतं. ‘शास्त्रीय संगीत कंटाळवाणं आहे’ या तक्रारीमागे बऱ्याच वेळा एवढंच कारण असतं.

उपाय सोपा आहे. लांब ध्वनिमुद्रणात द्रुत कुठल्या मिनिटाला सुरू होतं ते स्वतः ऐकून पाहा आणि लिंकसोबत तो मिनिट लिहा. नवख्याने तिथूनच सुरुवात करावी. बहुतेक द्रुत बंदिशी तीनतालात असतात. त्याच्या सोळा मात्रा हातावर दाखवा: पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला खाली, म्हणजे हात बाजूला. पाच मिनिटं टाळी धरून ऐकलं की समेवर येणारा शब्द आपोआप ओळखू येतो. सगळं आवर्तन मोजायची गरज नाही, मुखडा, म्हणजे बंदिशीचा समेकडे नेणारा सुरुवातीचा भाग, ओळखता आला की पुरे.

दोन आठवड्यांनी त्याच ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला परत या. किशोरीताईंच्या भूपात ‘सहेला रे’ आधी ऐकलेलं असेल, तर विलंबितातलं ‘प्रथम सुर साधे’ ऐकताना राग ओळखीचा असतो आणि सावकाश बढत, म्हणजे रागाचा टप्प्याटप्प्याने विस्तार, कंटाळवाणी वाटत नाही. हीच जागा आहे जिथे माणूस एक तर कायमचा आत येतो किंवा परत जातो. इथे घाई करू नका.

अभिमानापोटी अनवट राग देणं

जयपूर-अत्रौली घराण्याशी गोव्याचं नातं खोल आहे. घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँसाहेबांची तालीम केरीच्या केसरबाईंना आणि कुर्डीच्या मोगूबाईंना मिळाली. या घराण्याची शान म्हणजे जोडराग (दोन राग मिळून झालेले) आणि अनवट (क्वचित गायले जाणारे) राग: बसंती केदार, नट कामोद, ललिता गौरी. नवख्याला पहिल्या महिन्यात हेच देणं म्हणजे त्या रागावर आणि त्या माणसावर, दोघांवरही अन्याय. बसंती केदारात बसंत कुठे संपतो आणि केदार कुठे डोकावतो यातच सगळी मजा आहे. ज्याने बसंतही ऐकलेला नाही आणि केदारही नाही, त्याला ती दिसणार कशी? आधी केदार दोन वेगवेगळ्या गायकांचा, मग बसंत, मग जोडराग. महिनाभर जातो, जाऊ द्या.

मारवा आणि श्री हे रागही आधी नकोत. मारव्यात पंचम नसतो आणि गायक षड्जावर फार विसावत नाही. घर कुठे आहे हे ठाऊक असलेल्या कानाला ही अस्वस्थता हवीहवीशी वाटते. नवख्याला मात्र काहीतरी बिघडलंय असं वाटतं.

जुन्या तबकड्या आणि मोबाइलचा स्पीकर

७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन ते साडेतीन मिनिटं मावत. त्या वेळेत गायकाने राग आवळून मांडलेला असतो. बढत नाही, विश्रांती नाही, त्यात खरखर. जाणकार ती पोकळी मनातून भरून काढतो, नवखा भरू शकत नाही. शिवाय अशा कित्येक तबकड्या चुकीच्या वेगाने डिजिटल झालेल्या आहेत. एकच तबकडी दोन ठिकाणी मिळाली तर लांबी ताडून पाहा. एक दोन मिनिटं पन्नास सेकंदांची आणि दुसरी तीन मिनिटं पंधरा सेकंदांची असेल, तर पहिली वेगात आहे किंवा कापलेली आहे. वेगात असेल तर आवाज बारीक आणि पट्टी चढलेली लागते. ‘या बाई किंचाळतात’ असं कुणी म्हणालं तर दोष आधी इथे शोधा.

सुरुवातीला एलपी काळातली ध्वनिमुद्रणं सर्वांत सोयीची. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं, म्हणजे रागाला श्वास घेता येतो आणि ऐकणाऱ्याचं लक्षही टिकतं.

मोबाइलच्या स्पीकरवर डग्ग्याची (तबलाजोडीतल्या मोठ्या भांड्याची) घुमक आणि तानपुऱ्याचा खर्ज जवळजवळ ऐकूच येत नाही. उरतो तो टोकदार गळा आणि तबल्याच्या चाटीची (काठाची) टकटक. साधे तारेचे इयरफोनही चालतात. जाहिराती मधे येणार असतील तर फाइल उतरवून घ्यायला सांगा, कारण आलापाच्या मध्यावर जाहिरात आली की षड्ज कानातून जातो. ‘शफल’ आणि आपोआप पुढचं गाणं लागणंही बंद ठेवावं. यमन संपताच तोडी सुरू झाली की दोन्ही पुसले जातात.

‘नाही आवडलं’ हे उत्तर तिथेच सोडून देणं

नेमकं कुठे थांबलात, हे विचारा. पहिल्या तीन-चार मिनिटांत बंद केलं असेल तर लय संथ पडली. मध्यलयीतली बंदिश द्या, झपताल किंवा रूपक चालेल. ताना सुरू झाल्यावर कंटाळा आला असेल तर ठुमरी किंवा बासरी द्या, तिथे शर्यतीचा भास नसतो. ‘शब्द कळले नाहीत’ म्हणाला तर बंदिशीच्या दोन ओळी देवनागरीत लिहून अर्थासह पाठवा. बंदिशीचा मजकूर बहुधा चार ओळींचाच असतो. तेच शब्द पुन्हा पुन्हा का येतात हा प्रश्न त्याने सुटतो.

‘सगळं सारखंच वाटतं’ ही तक्रार सर्वांत उपयोगी. त्यावर भूप आणि मालकंस पाठोपाठ द्या. दोन्ही पाच स्वरांचे. भूपात सा रे ग प ध, सगळे शुद्ध. मालकंसात सा, कोमल ग, शुद्ध म, कोमल ध, कोमल नी. फरक पहिल्या मिनिटात जाणवतो. याच टप्प्यावर भूप आणि देशकार मात्र देऊ नका. स्वर तेच, चलन (स्वर घेण्याची रीत) वेगळं, आणि त्यामुळे इंटरनेटवर कितीतरी ठिकाणी एकावर दुसऱ्याचं नाव चिकटवलेलं असतं. मुलतानी आणि तोडीचंही तसंच.

रागाच्या वेळेबद्दल एवढंच: सकाळी भैरव, दुपारी सारंग, रात्री यमन-बिहाग जमलं तर उत्तम. पण कदंबच्या बसमधून घरी परतणाऱ्या माणसाला संध्याकाळी सातलाच ऐकायला वेळ असेल, तर तेव्हाचा राग द्या. त्याला पहाटे उठवू नका.

पहिली मैफल फार लांबची निवडणं

पणजीच्या कला अकादमीतला सुरश्री केसरबाई केरकर समारोह मोठा असतो, एका सत्रात अनेक कलाकार असतात. नवख्याला अख्खं सत्र बसवू नका. एका कलाकारासाठी न्या, दोन कलाकारांच्या मधल्या वेळेत आत शिरा आणि तशाच वेळेत बाहेर पडा. गाणं चालू असताना उठायचं नाही, हे आधी सांगून ठेवा. जागा सभागृहाच्या मध्यावर घ्या. अगदी पुढे बाजूला बसलं तर एकाच स्पीकरचा मारा होतो आणि तानपुरे बुडतात.

त्याहून सोपी सुरुवात हवी असेल तर देवळातल्या उत्सवाच्या बैठका किंवा श्रावणात वास्कोच्या दामोदर सप्ताहाच्या निमित्ताने होणारं गायन. तिथे येणं-जाणं मोकळं असतं, शेजारचा माणूस समेला मान हलवतो आणि ते पाहून नवख्यालाही सम सापडते. कलाकार कुठला राग गाणार हे आधी कळत नाही, त्यामुळे शेजारी बसून रागाचं नाव कानात सांगायचा मोह आवरा. एखादी जागा त्याला आवडली तर तेवढी लक्षात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच रागाचं दहा मिनिटांचं ध्वनिमुद्रण पाठवा.