क्रुसेडची कारणे लिहिताना या चुका टाळा

पहिल्या क्रुसेडच्या, म्हणजे पश्चिम युरोपातल्या ख्रिस्ती योद्ध्यांनी 1096 ते 1099 मध्ये जेरुसलेमवर नेलेल्या मोहिमेच्या, कारणांवरची टिपणे वाचताना एक वाक्य थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा भेटते: ‘तुर्कांनी जेरुसलेम जिंकून ख्रिस्ती यात्रेकरूंचा छळ सुरू केला, म्हणून पोपने स्वर्गाचे आमिष दाखवून धर्मयुद्ध पुकारले आणि जमिनीला हपापलेले सरदार त्यात सामील झाले.’ वाक्य सुटसुटीत आहे, पाठ व्हायला सोपे आहे आणि परीक्षेत त्याला गुणही मिळत असावेत. त्यातला एकही तुकडा निव्वळ खोटा नाही, ही त्याची खरी अडचण आहे. प्रत्येकात थोडे तथ्य आहे, पण ते भलत्या काळात किंवा भलत्या माणसांच्या पदरात टाकलेले आहे. म्हणून हेच वाक्य उलगडून दुरुस्त करणे सोयीचे होईल.

‘धर्मयुद्ध’ हा शब्द

मराठीत क्रुसेडला सर्रास धर्मयुद्ध म्हटले जाते आणि चूक तिथूनच सुरू होते. आपल्या कानाला धर्मयुद्ध म्हणजे धर्माचे नियम पाळून लढलेले युद्ध: सूर्यास्तानंतर शस्त्र ठेवायचे, निःशस्त्रावर वार करायचा नाही. क्रुसेडमध्ये प्रश्न युद्ध कसे लढावे हा नव्हता, तर लढल्याने लढणाऱ्याच्या पापाचे काय होते हा होता. 1096 साली निघालेल्या लोकांजवळ ‘क्रुसेड’ हा शब्दही नव्हता. ते आपल्या मोहिमेला ‘यात्रा’ किंवा ‘वाट’ अशा अर्थाचे साधे लॅटिन शब्द वापरत, जाहीर शपथ घेत आणि कापडाचा क्रूस वस्त्रावर शिवून घेत. हत्यार घेऊन केलेली, शपथेने बांधलेली यात्रा असे तिचे वर्णन केले तर पुढची बरीच गुंतागुंत आपोआप सुटते. शत्रुपक्षाच्या अरबी लेखकांनाही हे एखाद्या नव्या प्रकारचे युद्ध वाटले नाही. त्यांच्या लेखी ही ‘फ्रँकां’ची स्वारी होती. त्याच नावाचे फारसीतून आलेले रूप म्हणजे आपला ‘फिरंगी’.

तुर्कांनी जेरुसलेम घेतले, म्हणून?

येथे तारखा मांडून पाहाव्यात. जेरुसलेम अरबांच्या ताब्यात सातव्या शतकात, 638 च्या सुमारास गेले. येशूच्या थडग्यावरचे चर्च इजिप्तच्या फातिमी घराण्यातला खलिफा अल-हाकिम याच्या हुकमाने 1009 मध्ये पाडले गेले आणि बायझंटाइन, म्हणजे पूर्वेकडच्या ख्रिस्ती साम्राज्याच्या, सम्राटांच्या मदतीने त्याच शतकाच्या पूर्वार्धात पुन्हा उभे राहिले. सेल्जुक तुर्कांनी शहर 1070 च्या दशकात घेतले. पोप दुसरा अर्बन याने जिथे या मोहिमेची हाक दिली ती फ्रान्समधल्या क्लेरमाँची धर्मसभा भरली नोव्हेंबर 1095 मध्ये. शहर मुसलमानांच्या हाती जाणे हेच कारण असते, तर साडेचारशे वर्षे थांबण्याचे काही प्रयोजन नव्हते. शिवाय 1098 मध्ये इजिप्तच्या फातिमींनी ते तुर्कांकडून परत घेतले होते, म्हणजे 15 जुलै 1099 रोजी क्रुसेडरांनी ज्यांच्याकडून जेरुसलेम जिंकले ते तुर्क नव्हतेच. ही शेवटची बाब अनेक चांगल्या लेखांतही निसटते.

तात्कालिक निमित्त जेरुसलेमच्या उत्तरेला, आनातोलियात म्हणजे आजच्या तुर्कस्तानात शोधावे लागते. 1071 मध्ये मान्झिकर्टच्या लढाईत बायझंटाइन सम्राट रोमानोस पराभूत होऊन कैद झाला, त्यानंतरच्या यादवीत साम्राज्याची आशियातली बहुतेक भूमी गेली, आणि मार्च 1095 मध्ये पिआचेन्झाच्या धर्मसभेत सम्राट पहिला आलेक्सिओस कोम्निनोस याचे दूत लष्करी मदत मागायला हजर झाले. त्याला बहुधा भाडोत्री घोडेस्वारांच्या तुकड्या हव्या होत्या; आली ती हजारोंची, स्वतःच्या सरदारांच्या हुकमात चालणारी गर्दी. मागणी एक आणि उत्तर दुसरे, यांतले अंतर कशाने भरले हाच क्रुसेडच्या कारणांचा गाभा आहे, आणि ते उत्तर पूर्वेत नसून पश्चिम युरोपात आहे.

मात्र या दुरुस्तीच्या भरात दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. ‘अर्बनला फक्त बायझंटाइनांना मदत करायची होती, जेरुसलेम मागाहून चिकटले’ असेही लिहिले जाते. क्लेरमाँच्या ठरावातच जेरुसलेमचे नाव आहे, आणि डिसेंबर 1095 मध्ये अर्बनने फ्लँडर्सच्या लोकांना लिहिलेल्या पत्रातही पवित्र नगरीचा उल्लेख आहे.

‘स्वर्गाचे आमिष’ आणि क्षमापत्रे

माझ्या मते सगळ्यांत महाग पडणारी चूक ही आहे. आपल्याकडे शाळेत क्षमापत्रे येतात ती मार्टिन ल्यूथरच्या, म्हणजे 1517 च्या प्रकरणात: पैसे द्या, पाप माफ करून घ्या. तीच कल्पना चारशे वर्षे मागे नेऊन क्लेरमाँला बसवली की अर्बन हा स्वर्गाची तिकिटे विकणारा व्यापारी ठरतो. क्लेरमाँचा ठराव याहून वेगळा आणि मोजून मापून लिहिलेला आहे. मान किंवा धन मिळवण्यासाठी नव्हे, तर केवळ भक्तीने जो देवाचे चर्च मुक्त करण्यासाठी जेरुसलेमला जाईल, त्याची ती यात्रा सर्व प्रायश्चित्ताच्या जागी धरली जाईल, इतकेच त्यात म्हटले आहे.

येथे ‘प्रायश्चित्त’ हा आपला शब्द अगदी नेमका बसतो. पापाची कबुली दिल्यावर धर्मगुरू उपवास, दान, यात्रा असे काही नेमून देत आणि ते वर्षानुवर्षे चालू शकत असे. हत्यार चालवून पोट भरणाऱ्या वर्गासाठी ही व्यवस्था जवळजवळ अशक्य होती. 1066 मध्ये विल्यमने हेस्टिंग्जला इंग्लंड जिंकले, त्याला पोपचा पाठिंबा होता. तरीही नंतर नॉर्मन बिशपांनी विजयी सैनिकांना ठार केलेल्या दर माणसामागे एक वर्ष प्रायश्चित्त सांगितले, आणि ज्याला आकडाच ठाऊक नसेल त्याने जन्मभर आठवड्यातून एक दिवस ते करावे असे ठरवले. न्याय्य मानलेल्या युद्धातले मारणेही धुऊन काढावे लागणारे पाप होते, असा याचा अर्थ. दुसऱ्या बाजूने दहाव्या शतकाच्या अखेरीपासून, 989 च्या शारूच्या सभेपासून धरले तर शंभर वर्षे, चर्च ‘देवाच्या शांतते’च्या नावाखाली याच घोडेस्वारांना शेतकरी आणि मठ लुटू नका म्हणून बजावत होते. अशा माणसाला खरी सुटका हवी असेल तर घोडा आणि तलवार टाकून मठात जाणे हाच खात्रीचा मार्ग होता. अर्बनने त्याला सांगितले की तू जे करतोस तेच, या दिशेने आणि या हेतूने केलेस, तर ते प्रायश्चित्त ठरेल. नोजांचा मठाधिपती गिबेर याने हे तेव्हाच ओळखले होते: योद्ध्यांना संन्यास न घेताही मुक्तीची वाट मिळावी म्हणून देवाने आपल्या काळात पवित्र युद्धे निर्माण केली, अशा आशयाचे त्याने लिहून ठेवले आहे. ‘आमिष’ हा शब्द वापरला की देणारा धूर्त आणि घेणारा भोळा ठरतो. येथे मात्र दोघांचाही नरकावर सारखाच विश्वास होता.

जमिनीची भूक

वडिलोपार्जित जमीन थोरल्याला मिळे, म्हणून उपाशी राहिलेले धाकटे मुलगे पूर्वेकडे निघाले, हे स्पष्टीकरण पटकन पटते, कारण भाऊबंदकी आणि वाटण्या आपल्यालाही काही नव्या नाहीत. तपासायला सोपी रीत अशी की पुढाऱ्यांची नावे घ्यावीत आणि त्यांनी निघताना काय मागे ठेवले ते पाहावे. नॉर्मंडीचा ड्यूक रॉबर्ट हा थोरला मुलगा होता आणि त्याने आपली सगळी डची (ड्यूकचा मुलूख) 10,000 चांदीच्या मार्कांना धाकट्या भावाकडे, म्हणजे इंग्लंडच्या राजाकडे, गहाण टाकली. गॉडफ्रीने आपला बूयों किल्ला लिएजच्या बिशपाकडे गहाण ठेवला. तुलूझचा रेमंड तर दक्षिण फ्रान्समधल्या सर्वांत धनाढ्य सरदारांपैकी एक होता आणि पन्नाशी ओलांडलेला होता. घोडे, चिलखत, नोकर आणि दोन-तीन वर्षांची शिधासामग्री यांचा खर्च भूमिहीनाला झेपणारा नव्हता. मठांच्या दप्तरांत असे गहाणखतांचे आणि विक्रीचे कागद पुष्कळ सापडतात. शिवाय जेरुसलेम जिंकल्यावर बहुतेक जण घरी परतले. तिथेच राहिलेला बखरकार फुल्शे सांगतो की त्या प्रदेशात सुरुवातीला तीनशेपेक्षा जास्त घोडेस्वार उरले नव्हते.

यावरून कुणालाच जमीन नको होती असे मात्र ठरत नाही. पुढाऱ्यांपैकीच बोहेमंडने 1098 मध्ये अँटिओक शहर बळकावले ते सोडले नाही, आणि त्याच साली बॉल्डविनने एडेसा शहर घेतले. लोभ होता, पण तो सर्वांच्या निघण्याचे एकच कारण म्हणून पुरत नाही.

‘चर्चने ठरवले’

‘चर्चने’ असे कर्तरी वाक्य लिहिण्याआधी कोणत्या चर्चने, हे विचारावे. अर्बन 1088 मध्ये पोप झाला तेव्हा जर्मन सम्राट चौथा हेन्री याने उभा केलेला दुसरा पोप, तिसरा क्लेमेंट, समोर होता आणि अर्बनला कित्येक वर्षे रोममध्येच नीट ठरता येत नव्हते. बिशप कोणी नेमायचे यावरून आधीचा पोप सातवा ग्रेगरी आणि हेन्री यांच्यात पेटलेला हा संघर्ष 1077 मध्ये हेन्रीने कानोसाला ग्रेगरीची क्षमा मागितल्यावरही मिटला नव्हता. ज्या पोपकडे स्वतःची राजधानी धड नाही, त्याने सगळ्या ख्रिस्ती योद्ध्यांना एका हाकेसरशी हलवून दाखवणे, हे त्या भांडणातले जोरदार उत्तर होते. एकही राजा या मोहिमेत नव्हता, यात नवल नाही: हेन्री शत्रू होता आणि फ्रान्सचा फिलिप दुसऱ्याची बायको ठेवल्याबद्दल क्लेरमाँलाच पुन्हा बहिष्कृत झाला होता.

याची दुसरी बाजू अधिक काळी आहे. 1096 च्या उन्हाळ्यात ऱ्हाइनकाठच्या स्पायर, वर्म्स आणि माइन्झ येथील ज्यूंवर क्रुसेडरांच्या टोळ्या तुटून पडल्या. अर्बनने हे सांगितले नव्हते. स्पायरच्या बिशपाने आपल्या शहरातले बहुतेक ज्यू वाचवले. माइन्झच्या आर्चबिशपाने आसरा दिला, पण निभावता आला नाही. म्हणून ‘चर्चने ज्यूंची कत्तल केली’ हे चूक, आणि ‘चर्चचा काही संबंध नव्हता’ हेही चूक. ख्रिस्ताच्या शत्रूंचा सूड घ्या ही भाषा व्यासपीठांवरूनच पसरली होती, आणि दूरच्या शत्रूकडे जाताना जवळचा कशाला सोडायचा, हा त्या टोळ्यांचा तर्क हिब्रू वृत्तांतांत नोंदलेला आहे. पुढच्या क्रुसेडांतल्या घटना, म्हणजे 1204 मधली बायझंटाइन राजधानी कॉन्स्टँटिनोपलची लूट किंवा 1209 पासूनची दक्षिण फ्रान्समधल्या पाखंडी ख्रिस्त्यांवरची मोहीम, या 1095 ची ‘कारणे’ म्हणून आणू नयेत, आणि गोव्यातले 1560 चे इन्क्विझिशन तर मुळीच नाही.

पोपचे भाषण अवतरणात देणे

अर्बनचे 27 नोव्हेंबर 1095 चे भाषण अवतरणचिन्हांत देण्याचा मोह आवरावा. त्याची शब्दशः नोंद कोणाकडेच नाही. आपल्याला मिळतात त्या वेगवेगळ्या लेखकांनी जेरुसलेम पडल्यानंतर लिहिलेल्या आवृत्त्या, आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. फुल्शेच्या आवृत्तीतल्या भाषणात जेरुसलेमचे नाव येत नाही. मठवासी रॉबर्टच्या आवृत्तीत मात्र तुर्कांच्या अत्याचारांची भडक वर्णने आहेत, तुमची भूमी अपुरी पडते आहे असा युक्तिवाद आहे आणि दुधामधाने वाहणाऱ्या देशाचे आश्वासनही आहे. छळ आणि जमिनीची भूक, हे सुरुवातीच्या वाक्यातले दोन्ही तुकडे बव्हंशी मागाहून लिहिलेल्या अशाच आवृत्त्यांतून आलेले आहेत. अर्बनच्या मनात काय होते याचा अंदाज घ्यायचा असेल तर त्याची स्वतःची पत्रे अधिक भरवशाची आहेत. 1096 मध्ये बोलोन्याच्या लोकांना लिहिताना तो ऐहिक लोभाने न जाणाऱ्यांनाच प्रायश्चित्तातून सूट देतो, आणि नवविवाहित तरुणांनी बायकोच्या संमतीवाचून घाईने निघू नये असेही बजावतो. हे पत्र लिहिताना मोहिमेचे पुढे काय होणार ते त्याला माहीत नव्हते, आणि पुढेही ते कळले नाही. जेरुसलेम पडल्यावर चौदा दिवसांनी, 29 जुलै 1099 रोजी, तो रोममध्ये वारला, तेव्हा ती बातमी अजून इटलीत पोहोचायची होती.