सायकॉलॉजीत एम.ए. केल्यावर: आधी नोंदणी बघा, मग फी भरा

मानसिक आरोग्यात कामं वाढली आहेत, यात शंका नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये, १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सोशल वर्कर नेमावा, असा आदेश दिला. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेची १४४१६ ही हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालू आहे. जिल्हा रुग्णालयांतल्या जागांच्याही जाहिराती निघतात. पण प्रत्येक कामाला वेगळी पात्रता लागते आणि बरेच जण ती न बघताच कोर्सची फी भरून मोकळे होतात. म्हणून आधी काम ठरवा, त्या कामाच्या दोन-तीन जाहिराती नीट वाचा आणि मगच कोर्स निवडा.

पाटीवर काय लिहिता येतं

‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ अशी पाटी कुणालाही लावता येत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने म्हणजे आरसीआयने मान्यता दिलेला अभ्यासक्रम आणि सीआरआर नंबर, म्हणजे परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीतला नोंदणी क्रमांक, हवा. आजवरचा ठरलेला रस्ता म्हणजे दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. यूजीसीने त्याच्या प्रवेशांना २०२५-२६ पर्यंतच मुदत दिली होती. आरसीआयने आता बी.एस्सी. ऑनर्स, एम.ए. आणि साय.डी. (डॉक्टरेट) असे नवे अभ्यासक्रम आणले आहेत.

खरी गफलत इथेच होते. ‘एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी’ हे नाव साध्या विद्यापीठीय पदवीलाही असतं आणि आरसीआयच्या अभ्यासक्रमालाही. सीआरआर नंबर फक्त दुसऱ्याने मिळतो. प्रवेशाआधी आरसीआयच्या वेबसाइटवरची मान्यताप्राप्त संस्थांची यादी उघडा आणि संस्था, नेमका अभ्यासक्रम, मान्यता कोणत्या वर्षापर्यंत आहे आणि जागा किती, हे सगळं तपासा. संस्थेचं नाव यादीत दिसलं की लोक निश्चिंत होतात, पण ती मान्यता स्पेशल बी.एड.ची, म्हणजे विशेष मुलांच्या शिक्षकांच्या कोर्सची, असू शकते. तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

घरबसल्या एम.ए. करायचा बेत असेल तर तो सोडा. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून यूजीसीने सायकॉलॉजीचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश बंद केले आहेत. तीन महिन्यांच्या ‘काउन्सेलिंग डिप्लोमा’ने थोडं शिकायला मिळेल, नोंदणी मिळणार नाही.

समुपदेशक व्हायचं असेल तर एम.ए. आणि सोबत सुपरव्हिजनखालचे, म्हणजे अनुभवी तज्ज्ञाच्या देखरेखीखालचे, प्रत्यक्ष कामाचे तास, हा पाया. २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याच्या यादीत सायकॉलॉजिस्टही आहेत, त्यामुळे त्या कायद्याखालच्या आयोगाच्या सूचनांवर लक्ष ठेवा. एमएसडब्ल्यू झालेल्यांना सायकियाट्रिक सोशल वर्कचा आणि नर्सेसना सायकियाट्रिक नर्सिंगच्या डिप्लोमाचा रस्ता आहे.

सरकारी जागा

येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं, गोव्यात बांबोळीची आयपीएचबी ही मनोरुग्णालय असलेली सरकारी संस्था आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम ही मुख्य ठिकाणं. जिल्हा कार्यक्रमातल्या जागा बहुधा कंत्राटी असतात, तेव्हा गृहकर्जाचा हिशेब त्यावर मांडू नका. जाहिरातीत आरसीआय नोंदणी ‘आवश्यक’ आहे की ‘प्राधान्य’, हा एक शब्द आधी शोधा. अर्ज छाननीत बाद होतात ते अनुभवाच्या दाखल्यामुळे. ‘इंटर्नशिप समाधानकारक पूर्ण केली’ एवढ्याने भागत नाही. सुरुवातीची आणि शेवटची तारीख, आठवड्याचे तास, पद आणि सुपरव्हायझरचा नोंदणी क्रमांक दाखल्यावर हवा. तो काम संपतानाच घ्या. दोन वर्षांनी गेलात तर सही करणारे बदलून गेलेले असतात.

शाळा

सध्या सर्वात जास्त भरती इथे होईल आणि सर्वात जास्त मनस्तापही इथेच. रुजू होण्याआधी मुख्याध्यापकांकडून काही गोष्टी लेखी घ्या. दार बंद होणारी खोली हवी, स्टाफरूमचा कोपरा चालणार नाही. ऑफ तासाला वर्गावर पाठवायचं नाही. नोंदींच्या कपाटाची किल्ली तुमच्याकडेच राहील. पालकांच्या संमतीचा नमुना ठरलेला असेल. हे लिहून घेतलं नाही तर दिवाळीपर्यंत तुम्ही बदली शिक्षक झालेले असता आणि ‘मस्ती करणाऱ्या पोरांना पाठवायची जागा’ अशी खोलीची ओळख झालेली असते.

गोपनीयतेची मर्यादा मुलाला पहिल्याच भेटीत, त्याला कळेल अशा भाषेत सांगा: ‘तू सांगशील ते माझ्यापाशी राहील. पण कुणी तुला इजा करत असेल, किंवा तू स्वतःला करणार असशील, तर मला मोठ्यांना सांगावं लागेल.’ लैंगिक अत्याचार कळला तर पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘आधी आपण आपसात बघू’ असं संस्थेने म्हटलं तरी तुमची जबाबदारी सुटत नाही.

स्वतःची प्रॅक्टिस

रुग्ण दाखल करून घेत नसाल तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ खाली आस्थापनेची वेगळी नोंदणी लागत नाही. महाराष्ट्रात व्यवसाय कराचं पीटीईसी हे नोंदणी प्रमाणपत्र मात्र काढा, कर वर्षाला २,५०० रुपये. संमतीपत्र मराठीत, एका पानाचं ठेवा: फी, सेशनची वेळ (४५ ते ५० मिनिटं), आयत्या वेळी रद्द केल्यास काय, नोंदी कोण बघू शकतं आणि तातडीच्या वेळी कुणाला फोन करायचा. जवळच्या एका मानसोपचारतज्ज्ञांशी आधीच बोलून ठेवा. झोप पूर्ण उडालेला, आवाज ऐकू येणारा किंवा आत्महत्येचा बेत ठरवलेला माणूस समोर बसल्यावर नंबर शोधत बसायची वेळ येऊ नये. औषधाचा डोस कमी-जास्त करण्यावर अवाक्षर काढू नका.

सुरुवातीला दिवसाला चार-पाच सेशन पुरे. सुपरव्हिजनची फी खर्चात पहिल्या महिन्यापासून धरा, कारण पैसे कमी पडले की पहिली कात्री तिलाच लागते. परदेशातल्या मराठी कुटुंबांकडूनही ऑनलाइन विचारणा येते. अमेरिकेत मात्र परवाना राज्यागणिक लागतो. समोरची व्यक्ती न्यू जर्सीत बसलेली असेल, तर हो म्हणण्याआधी तिथल्या बोर्डाचा नियम वाचा.