अमेरिकेत पहिली माणसं कशी पोचली, हे परातीत कसं दाखवायचं

आमच्या पडवीत संध्याकाळी आठ-दहा पोरं अभ्यासाला बसतात. काही मराठी शाळेची, काही कन्नड शाळेची. हा एक धडा दोघांनाही परातीतूनच नीट कळतो, असा माझा अनुभव आहे.

भाकरीची मोठी परात, कुंभाराकडची माती, दोन-तीन वाट्या, फ्रीज, वाळवणाची दोरी आणि कपड्यांचे चिमटे एवढंच लागतं. माती कुंभाराचीच घ्या. खानापूर तालुक्यात तिला तोटा नाही. पहिल्या वर्षी मी परसातली तांबडी माती घेतली. दहा मिनिटांत सैबेरिया विरघळला आणि समुद्राची नाचणीची आंबील झाली.

परातीत डावीकडं एक ढीग, तो सैबेरिया, आशियाचं टोक. उजवीकडं दुसरा, तो अलास्का, अमेरिकेचं टोक. दोघांच्या मधे ओंजळभर रुंद, सपाट पट्टी थापा, ढिगांपेक्षा बरीच बुटकी. पट्टीवर नखभर चढेल एवढं पाणी ओता. ही आजची बेरिंगची सामुद्रधुनी. अरुंद जागी ती सुमारे ८५ किलोमीटर आहे, म्हणजे बेळगावाहून धारवाड गाठून थोडं पुढं. पण खोली फार नाही, पन्नास मीटरच्या आसपास.

आता पोरांच्या देखत वाटीनं पाणी उपसा. पट्टी उघडी पडली की थांबा आणि उपसलेलं पाणी वाटीसकट फ्रीजरमध्ये ठेवा. परातीवर ओलं फडकं टाका, नाहीतर मातीला भेगा पडतात. करंट जाण्याचे दिवस असतील तर पाणी सकाळीच ठेवलेलं बरं. एकदा माझं हिमयुग भर पावसाळ्यात नुसतं गार पाणी होऊन बाहेर आलं.

दुसऱ्या दिवशी तोच बर्फ उजव्या ढिगावर ठेवायचा. तोच हवा, विकतचा नको. समुद्राचं पाणी आटून कुठं गेलं नव्हतं, जमिनीवर बर्फ होऊन बसलं होतं, हीच तर गोम आहे. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी समुद्र असा १२० मीटरच्या आसपास खाली गेला होता. एका पोरानं बर्फ जमिनीवर ठेवायच्या ऐवजी पाण्यात सोडला, तर पट्टी तिथल्या तिथं बुडाली. त्याला रागावले नाही. पुढच्या वर्षापासून ते मीच मुद्दाम करून दाखवते.

इथं एक सांभाळा: ‘पूल’ किंवा ‘सेतू’ म्हणू नका. मी म्हटलं, तर लगेच प्रश्न आला, “बाई, बांधला कुणी?” तो पूल नव्हताच. उत्तर-दक्षिण दीड हजार किलोमीटरपर्यंत पसरलेला गवताळ मुलूख होता, बेरिंजिया. तिथं माणसं कुठं निघाली म्हणून चालत नव्हती. जनावरांमागं फिरत पिढ्यान्पिढ्या राहत होती. आपले धनगर मेंढरांमागं फिरतात, ते पोरांना माहीत असतं.

अलास्कापर्यंत आणलंत की पुढची अडचण बर्फाचीच. कॅनडावर दोन प्रचंड हिमस्तर पसरले होते. म्हणून ढिगावरच्या बर्फाचे दोन तुकडे शेजारी शेजारी ठेवा. वितळता वितळता मधे फट पडते. त्या फटीतून माणसं दक्षिणेला उतरली, हे जुनं मत. वापरण्याजोगी ती वाट साधारण १३ ते १४ हजार वर्षांपूर्वी झाली.

मग दोरी बांधा. एक वीत म्हणजे हजार वर्षं, मोजायची आजपासून मागं. तेराव्या वितीवर क्लोव्हिसचा चिमटा: न्यू मेक्सिकोतल्या या गावाजवळ १९३०च्या दशकात मॅमथच्या हाडांसोबत भाल्यांची दगडी पाती मिळाली, आणि हेच पहिले लोक असं पुढं कितीतरी वर्षं धरून चाललं. फटीचा चिमटा त्याच्या जवळच. आता साडेचौदाव्या वितीवर माँते व्हेर्दे लावा, म्हणजे पार दक्षिणेला चिलीत सापडलेली माणसांची जुनी वस्ती, आणि गप्प बसा.

थोड्या वेळानं कुणीतरी ओरडतंच, “दार उघडायच्या आधीच ही लोकं खाली कशी गेली?”

तो प्रश्न त्यांच्याच तोंडून यायला हवा. माँते व्हेर्देचं उत्खनन १९७७ला सुरू झालं, पण बहुतेक तज्ज्ञांनी ते मानलं १९९७मध्ये जागा पाहून आल्यावर. वीस वर्षं! तिथं खुंट्यांना बांधलेल्या दोरांच्या गाठी मिळाल्या आणि समुद्री शेवाळाचे तुकडेही. शेवाळाचं नाव काढलं की पोरं स्वतःच किनाऱ्याकडं वळतात. मग पट्टीच्या दक्षिण कडेनं बोट फिरवत खाली न्या: किनाऱ्याचा बर्फ आधी मोकळा झाला असावा; होडीतून मासे, शिंपल्या खात माणसं उतरली असावीत. आज या मताकडंच कल जास्त आहे. त्या काळचा किनारा मात्र आता पाण्याखाली, म्हणून पुरावा अवघड.

शेवटचा चिमटा एकविसाव्या ते तेविसाव्या वितीवर. न्यू मेक्सिकोतल्याच व्हाइट सँड्सला पावलांचे ठसे मिळाले, २०२१मध्ये जाहीर झाले. बरेचसे मुलांचे आणि पोरसवदा वयाचे. वय काढलं ते पाणवनस्पतीच्या बियांतल्या कार्बनवरून, म्हणून लोक अडले: अशी झाडं पाण्यातला जुना कार्बन घेतात आणि आहेत त्याहून जुनी दिसतात. २०२३ला झाडांचे परागकण आणि क्वार्ट्‌झचे कण तपासले, काळ तोच निघाला. वाद अजून संपलेला नाही, पण मी हा चिमटा काढत नाही.

एखादा काका पायरीवर बसून ऐकत असतोच. अमेरिका म्हणजे पाताळ, मायन म्हणजे मयासुर! त्यांच्याशी वाद घालू नका, डीएनए सांगा. मोंटानात सापडलेल्या सुमारे १२,६०० वर्षांपूर्वीच्या बाळाचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, २०१४मध्ये वाचला गेला. नातं अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांशी लागलं, पूर्वजांचा माग सैबेरियाकडं गेला. त्या बाळाला त्याच वर्षी तिथल्या लोकांनी विधीपूर्वक पुन्हा पुरलं, हेही सांगा. आणि त्या मूळ रहिवाशांतले कितीतरी लोक ‘आम्ही कुठून आलोच नाही, इथलेच’ म्हणतात, तेही.

मग मी उकडलेली रताळी वाटते. रताळं, मिरची, निपाणीचा तंबाखू, सगळं त्याच लोकांच्या वंशजांनी शेतात आणलेलं. रताळ्यावर आल्यावर पोरं काही ऐकत नाहीत, तेव्हा धडा त्याआधीच संपवा. माती गोळा करून फडक्यात बांधा, पुढच्या वर्षी चालते. परात मात्र चांगली घासा. भाकरीला कचकच लागली की घरात दुसरं हिमयुग सुरू होतं.