अलास्काची क्रूझ: जहाजाचे बिल अमेरिकी डॉलरचे, पैसा मात्र कॅनडाचा आणि मुंबईचा

मुलगी-जावई टोरांटोला आणि आई-वडील पार्ल्याला, अशी घरे आता मुंबईत पुष्कळ आहेत. उन्हाळ्यात आई-वडील तिकडे गेले की सगळ्यांनी मिळून व्हँकूव्हरहून आठवडाभराची अलास्काची क्रूझ करायची, हा बेतही आता नवा राहिलेला नाही. जहाज कॅनडाच्या धक्क्यावरून सुटत असले तरी त्याच्यावरचा व्यवहार जवळजवळ नेहमी अमेरिकी डॉलरमध्ये चालतो, ही गोष्ट मात्र अनेकांच्या उशिरा लक्षात येते. जावयाच्या खात्यात कॅनडाचे डॉलर, सासऱ्यांच्या खात्यात रुपये आणि बिल तिसऱ्याच चलनात, अशी स्थिती असते. आमच्या घरच्या सफरीनंतर मी सगळ्या पावत्या घेऊन बसलो, तेव्हा चलन बदलण्याच्या पायी गेलेली रक्कम एका दिवसाच्या सहलीइतकी भरली. यातली बरीच वाचवता आली असती. त्यासाठी प्रत्येक रुपया किंवा डॉलर एकदाच बदलावा आणि तो कोणाकडे बदलायचा हे आपण आधी ठरवून ठेवावे, एवढी काळजी पुरेशी होती.

सुरुवात आरक्षणापासून करावी. कॅनडात राहणाऱ्यांना अनेक क्रूझ कंपन्या भाडे थेट कॅनडाच्या डॉलरमध्ये सांगतात. तो आकडा पाहून निश्चिंत होऊ नये, कारण त्यात कंपनीने स्वतःचा विनिमय दर धरलेला असतो. त्याच खोलीचे अमेरिकी डॉलरमधले भाडे पाहावे, त्या दिवशीच्या दराने गुणावे आणि मग तुलना करावी. कधी कॅनडाच्या रहिवाशांसाठी खास सवलत असते आणि त्यांच्या चलनातले भाडेच स्वस्त पडते, तर कधी उलटे होते. सफर रद्द करण्याची थोडीही शक्यता असेल, तर भाडे आपल्याच चलनात भरणे मला अधिक सुरक्षित वाटते. परकीय चलनात भरलेले पैसे परत येतात ते परताव्याच्या दिवसाच्या दराने, आणि बँकेचे शुल्क जाताना आणि येताना असे दोन्ही वेळा सोसावे लागू शकते.

यानंतर कार्डाचा विचार करावा. कॅनडातल्या बहुतेक क्रेडिट कार्डांवर परकीय चलनातल्या खर्चाला २.५ टक्के शुल्क लागते. एका अमेरिकी डॉलरला कॅनडाचे १.४० डॉलर असा दर धरला, तर १,२०० अमेरिकी डॉलरचे बिल कॅनडाच्या १,६८० डॉलरचे होते आणि त्यावर ४२ डॉलर केवळ शुल्कापोटी जातात. हे शुल्क न घेणारी कार्डेही तिथे मिळतात. सफरीच्या दोन-तीन महिने आधी असे एखादे कार्ड काढून ठेवणे, हा जावयाच्या बाजूचा सर्वांत सोपा उपाय आहे.

तिथल्या मोठ्या बँका अमेरिकी डॉलरमध्ये बिल येणारे कार्डही देतात, पण त्यात एक मेख आहे. ते बिल फेडायला अमेरिकी डॉलरच लागतात, आणि ते डॉलर त्याच बँकेकडून तिच्या नेहमीच्या दराने विकत घेतले, तर वाचवलेले अडीच टक्के दुसऱ्या वाटेने निघून जातात. ज्यांची काही कमाई अमेरिकी डॉलरमध्ये आहे किंवा ज्यांच्याकडे ते चलन आधीच साठले आहे, त्यांनाच या कार्डाचा खरा उपयोग होतो. रक्कम मोठी असेल, तर शेअर दलालीच्या खात्यातून डीएलआर हा, दोन्ही चलनांत खरेदी-विक्री होणारा फंड कॅनडाच्या डॉलरमध्ये घेऊन अमेरिकी डॉलरमध्ये विकण्याची, ‘नॉर्बर्ट्स गँबिट’ नावाने ओळखली जाणारी पद्धत तिथे रूढ आहे. तिला काही दिवस लागतात आणि दलाली पडते, त्यामुळे चार-पाचशे डॉलरसाठी ती खटपट करू नये.

जहाजावर पाऊल ठेवल्यावर रोख पैसे जवळजवळ लागत नाहीत. खोलीच्या कार्डावर सगळा खर्च मांडला जातो आणि सफरीच्या शेवटी तो नोंदवलेल्या क्रेडिट कार्डातून वसूल होतो. या खात्यावर रोज माणशी साधारण १६ ते २० डॉलर टिप आपोआप चढते, म्हणजे चौघांच्या कुटुंबाला सात दिवसांत सुमारे ४५० ते ५६० डॉलर केवळ टिपेचे होतात. ती रक्कम आरक्षणाबरोबर आपल्या चलनात आधीच भरता येते का, हे विचारून घ्यावे.

खात्याला कार्ड जोडताना दोन गोष्टी पाहाव्यात. जहाज खर्चाच्या अंदाजाने कार्डावरची काही रक्कम अडवून ठेवते आणि सफर संपल्यावरही ती मोकळी व्हायला काही दिवस जातात. क्रेडिट कार्डावर याचा त्रास होत नाही. डेबिट कार्डावर किंवा आधीच परकीय चलन भरून घेतलेल्या फॉरेक्स कार्डावर मात्र आपलेच पैसे ऐन प्रवासात अडकून पडतात. दुसरी गोष्ट अधिक महागात पडते. काही कंपन्या परदेशी कार्डाचे बिल स्वतःच्या दराने कार्डधारकाच्या चलनात बदलून वसूल करतात आणि त्याची संमती अर्जातल्या बारीक अक्षरांत घेतलेली असते. पहिल्याच दिवशी स्वागतकक्षावर जाऊन ‘माझे बिल अमेरिकी डॉलरमध्येच लावा’ असे स्पष्ट सांगावे आणि शेवटच्या रात्री हाती येणाऱ्या हिशेबात ते तसेच लागले आहे ना, हे उतरण्यापूर्वी तपासावे. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांनुसार ही निवड ग्राहकाची आहे, म्हणून संकोच करण्याचे कारण नाही. जहाजावरच्या एटीएमचे शुल्क जबर असते, तेव्हा त्या यंत्राच्या वाटेला जाऊ नये.

हाच प्रश्न बंदरावरच्या दुकानांतही येतो. अलास्कातल्या जूनो बंदरातल्या एका दुकानात जावयाने लोकरीची टोपी आणि सामन माशाचे दोन डबे घेतले. यंत्राच्या पडद्यावर दोन चौकोन उमटले: एकात ६४.०० अमेरिकी डॉलर आणि दुसऱ्यात, ठळक हिरव्या रंगात, ९३.८० कॅनडाचे डॉलर. ओळखीचे चलन दिसल्याबरोबर त्याचे बोट हिरव्या चौकोनावर गेले. त्या आठवड्यात दर १.४० च्या आसपास होता, म्हणजे ६४ डॉलरचे ८९.६० होत होते, आणि बँकेचे अडीच टक्के धरले तरी ९१.८४ च्या पुढे आकडा गेला नसता. एका टोपीमागे दोन डॉलर किरकोळ वाटतात. पण हाच चौकोन केचिकनला, स्कॅगवेला आणि प्रत्येक काउंटरवर पुन्हा पुढे येतो. जिथे खरेदी चालली आहे तिथलेच चलन निवडावे: अलास्कात अमेरिकी डॉलर, व्हिक्टोरिया आणि व्हँकूव्हरला कॅनडाचे.

आता मुंबईच्या बाजूचा विचार करू. ‘मुलीकडे जायचे आहे’ म्हणून सगळे रुपये कॅनडाच्या डॉलरमध्ये बदलून नेणे, ही आपल्याकडची नेहमीची चूक आहे. जहाजावर त्यांचे पुन्हा अमेरिकी डॉलर होतात. प्रत्येक वेळी दोन टक्के गेले, तरी दोन बदलांत लाखामागे जवळजवळ चार हजार रुपये जातात. फॉरेक्स कार्डात कॅनडाचे डॉलर भरून अमेरिकी डॉलरचा खर्च केला, तरीही वेगळ्या चलनाचे शुल्क कापले जाते. म्हणून जहाजाचा आणि अलास्काचा खर्च वेगळा काढून तेवढे अमेरिकी डॉलर मुंबईतच घ्यावेत आणि कॅनडातल्या मुक्कामापुरतेच तिथले चलन न्यावे.

डॉलर घेण्यापूर्वी फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया ही संस्था रोज जाहीर करते तो संदर्भ दर पाहावा आणि फोर्ट, दादर किंवा अंधेरीच्या निदान तीन परवानाधारक मनी चेंजरना विक्रीचा दर विचारावा. फलकावर खरेदी आणि विक्री असे दोन रकाने असतात. आपण डॉलर घेतो तेव्हा आपल्याला लागू होतो तो विक्रीचा, म्हणजे चढा आकडा. विमानतळावरच्या काउंटरवर शेवटच्या क्षणी चलन घेऊ नये, तिथला दर शहरातल्यापेक्षा बराच वाईट असतो. एक लाख रुपयांच्या चलनबदलावर जीएसटी १८० रुपये लागतो, म्हणजे खरा खर्च दरातल्या फरकातच दडलेला असतो. रोख रुपये देऊन ५०,००० रुपयांपर्यंतचेच चलन मिळते आणि एका प्रवासाला नोटांच्या रूपात ३,००० डॉलरपर्यंतची रक्कम नेता येते. क्रूझवर हातखर्चाला त्याच्या दहाव्या हिश्श्याचीही गरज पडू नये. सहलीच्या बसचालकांना देण्यासाठी एक आणि पाच डॉलरच्या नोटा मात्र मागून घ्याव्यात.

आपल्या भारतीय क्रेडिट कार्डावर साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे परकीय चलनातल्या खर्चावरचे शुल्क, असेल, तर त्यावरचा जीएसटी धरून तो ४.१३ टक्के होतो. शिवाय परदेशात रुपयांत बिल लावून घेतले, तरी अनेक बँका वेगळा सुमारे एक टक्का आकारतात. म्हणून एकाच कुटुंबाचा प्रवास असेल, तर जहाजाचे खाते जावयाच्या शुल्कमुक्त कार्डाला जोडावे आणि सासू-सासऱ्यांनी आपला वाटा मुंबईहून आणलेल्या अमेरिकी डॉलरच्या नोटांत त्याला द्यावा. आमच्याकडे पुढच्या वेळी हीच व्यवस्था ठरली आहे.

शेवटच्या संध्याकाळी हाती अमेरिकी नोटा उरल्या, तर त्या स्वागतकक्षावर नेऊन खोलीच्या बिलात भराव्यात. उरलेलीच रक्कम कार्डातून जाते आणि त्या नोटा पुन्हा रुपयांत बदलताना होणारा तोटा टळतो. तरीही काही चलन मुंबईला आलेच, तर २,००० डॉलरपर्यंत जवळ ठेवता येते आणि त्यावरचे १८० दिवसांच्या आत परत करावे लागते. नाणी मात्र मुंबईतला मनी चेंजर घेत नाही, म्हणून ती व्हँकूव्हरच्या धक्क्यावर उतरण्यापूर्वीच खर्चून टाकावीत.